खर्रा, गुडाखू आणि आम्ही दोघं

लग्नाच्या अकराव्या दिवशी, नागपूरहून रायपूरला येणाऱ्या गाडीत मला कळलं की माझा नवरा खर्रा खातो.

मला पाहायला आला तेव्हा वेलदोडा चघळत होता. आईनं तर कौतुक केलं होतं, पोरगा किती नीटनेटका, तोंडाला कसलाच वास नाही. लग्नघरात दहा दिवस त्या माणसानं दम कसा धरला देव जाणे. गोंदिया गेलं तशी त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली, तळव्यावर घेऊन घोट घोट घोटली आणि सगळा ऐवज गालात भरला. मग खिडकीच्या गजाला तोंड लावून पिचकारी. मागच्या खिडकीतली बाई ओरडली, तर हा हसला. दात पाहिले मी तेव्हा. आतल्या बाजूनं पार विटकरी.

आमच्या विदर्भात खर्रा काही नवा नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना. माझा एक काका खायचा, आणि त्याच्या खोलीच्या कोपऱ्याकडे आम्ही पोट्ट्या बघायचोही नाही. आता तसला कोपरा माझ्याच घरात होणार होता, आणि तो पुसायचाही मीच होता.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झाल्याला दोनेक वर्षं झाली होती. ज्याच्या त्याच्या घरात भाडेकरू. गाईचा गोठा झाडून त्यालाही चुना मारला की झाली खोली. आम्हाला तेलीबांध्याच्या तळ्यामागे दोन खोल्या मिळाल्या, पुढे घरमालकीण, मागे आम्ही. आता त्या तळ्याकाठी लोक फिरायला येतात, आइस्क्रीम खातात. तेव्हा मी खिडकी उघडायची नाही. हिरवं पाणी, त्यात म्हशी, आणि वारा आमच्याकडे. नवऱ्याला वास यायचा नाही. त्याला कुठलाच वास यायचा नाही, कसा येईल?

पण किळसेपेक्षा मोठा त्रास निराळाच होता. तो बोलायचा नाही. म्हणजे स्वभावानं घुमा नव्हता, तोंड रिकामं नसायचं. ऑफिसातून आला की पायरीवर बसून पुडी घोटायची आणि जेवणापर्यंत गाल फुगलेला. मी विचारायची, "आज काय झालं ऑफिसात?" तो हनुवटी आभाळाकडे करायचा, खालचा ओठ द्रोणासारखा धरायचा आणि म्हणायचा, "अं अं." मी विचारायची, "भाजी कोणती करू?" "ऊं." बरं, सांडू नये म्हणून इतकी काळजी घ्यायचा की वाटावं, तोंडात तीर्थ आहे. शहरात मराठी घरं पुष्कळ होती म्हणे, पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एकही नव्हतं. अख्ख्या पाऱ्यात माझ्याशी मराठी बोलणारं एकच तोंड, आणि ते भरलेलं.

आणि सकाळी दार उघडलं की समोर दुसरा तमाशा.

आमच्या दारासमोरून नाली जायची. त्या नालीच्या काठावर पाऱ्यातल्या बाया रांगेनं उकिडव्या बसायच्या. प्रत्येकीच्या हातात एक छोटी गोल डबी. डबीत काळं, चिकट काहीतरी. त्यात उजव्या हाताचं बोट बुडवायचं आणि दात, हिरड्या घासत बसायच्या. पाच मिनिटं नाही, अर्धा अर्धा तास. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून तपकिरी फेस गळतोय, मधूनच नालीत थुंकी, आणि गप्पा चालूच. माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटलं काहीतरी दंतमंजन असेल. नवऱ्याला विचारलं तर त्या दिवशी नशिबानं तोंड रिकामं होतं.

"गुडाखू म्हणतेत त्याले," तो म्हणाला. "तंबाखू अन् गूळ. इथल्या बाया घासतेत. गावंढळ काम आहे. तू नको जाऊ त्यांच्यात."

असं म्हणून त्यानं पुडी काढली.

मी नाकाला पदर लावून त्या रांगेसमोरून दुधाला जायची. घरमालकीण, पन्नाशीची, विधवा, सगळ्या पाऱ्याची काकी, सगळ्यांत पुढे बसलेली. ती हाक मारायची, "ए बहू, आ न, बइठ." मी मान खाली घालून निघून जायची. तिच्या हातचा प्रसादसुद्धा मी मागच्या दारानं टाकून दिलेला आहे. बोट आठवायचं तिचं.

चार महिन्यांनी माझी दाढ दुखायला लागली. दुखणं असं की अर्धं डोकं बधिर. नवरा ऑफिसच्या कामानं बिलासपूरला गेलेला. मी पायरीवर गाल धरून रडत बसले होते. घरमालकीण शेजारी येऊन बसली आणि तिनं डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"थोरकुन घिस ले, बहू. बने लागही."

थोडं घास, बरं वाटेल, असं काहीसं. मी नको म्हटलं. मग दाढेत अशी कळ आली की मी बोट बुडवलं. तिच्याच डबीत. ज्या डबीत तिचं बोट रोज दहा वेळा जातं त्याच डबीत.

पहिल्यांदा गोडसर लागलं, मग झोंबलं, मग पायरी फिरायला लागली. घाम फुटला, कानात शिट्या. मी नालीत ओकले. काकी माझी पाठ चोळत होती आणि हसत होती. पण दाढ थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुखेल या भीतीनं आधीच थोडं घासलं. तिसऱ्या दिवशी दुखत नव्हतं, तरी घासलं. महिन्याभरात माझी स्वतःची डबी झाली, आणि नवरा ऑफिसला गेला की मीही त्या रांगेत उकिडवी बसायला लागले.

खोटं कशाला सांगू, मला तिथं बरं वाटायचं. तिथं कोणी हनुवटी वर करून अं अं करत नव्हतं. तोंडात फेस असूनही त्या बाया बोलायच्या, सासूबद्दल, मुलांबद्दल, पाण्याच्या नळाबद्दल. छत्तीसगढी मी त्या नालीकाठीच शिकले. कोणी काही विचारलं की "हो"च्या जागी "हव" म्हणायला लागले. आणि नऊच्या सुमाराला, कधी एकदा हा जातो आणि कधी मी डबी उघडते, असं व्हायचं. हे कळत होतं मला. घासून झालं की आरशात हिरड्या बघायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची. मग टूथपेस्टनं तीनदा तोंड धुवायची.

एका रविवारी तो बाजारातून लवकर परत आला. मी नालीवर, बोट तोंडात, हनुवटीवर ओघळ. तो माझ्यासमोर थांबला. हातात पालकाची जुडी. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण गाल भरलेला. म्हणून आधी वाकून माझ्या शेजारीच नालीत थुंकला आणि मग म्हणाला, "शी."

घरात गेल्यावर म्हणाला, "तुझ्या हातचं मी जेवणार नाही. बाईमाणूस आहे का कोण आहेस तू? तुझ्या बाबाले फोन करून सांगतो."

"सांगा," मी म्हटलं. "अन् हेही सांगा की तुमची थुंकी मी रोज फडक्यानं पुसून राहिली."

"माणसाची गोष्ट अलग असते."

"काहून? तुमच्या तोंडातून काय अत्तर गळते?"

चार दिवस तो बाहेर जेवला. पाचव्या दिवशी पोट बिघडलं आणि मुकाट्यानं माझ्या हातची खिचडी खाल्ली. फोन काही केला नाही. मीही डबी सोडली नाही. एकमेकांची किळस करत आम्ही एका पलंगावर, दोन भिंतींकडे तोंड करून झोपायला लागलो. नव्या जोडप्यांचे फोटो असतात ना हातात हात घेतलेले, तसा एक आमचाही होता, पलंगाच्या वर टांगलेला. मला तो काढून फेकावासा वाटायचा.

मग मला दिवस गेले.

समता कॉलोनीत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तंबाकू वगैरह कुछ लेती हो?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नहीं नहीं, मॅडम. अच्छे घर की है." डॉक्टरीणबाईंनी माझं उजवं बोट हातात घेतलं, नखाखालचा काळा रंग पाहिला आणि सोडून दिलं. मग त्याच्या दातांकडे पाहिलं. म्हणाल्या की बाळ खुरटेल, वेळेआधी होईल, दोघांनी बंद करा, आजपासून. एक खाणार असेल तर दुसऱ्याचं सुटणार नाही.

घरी येऊन त्यानं माझी डबी संडासात पालथी केली आणि मी त्याच्या तीन पुड्या. त्यानं बादलीभर पाणी ओतलं. म्हणाला, "पोरासाठी." मी म्हटलं, "शपथ घ्या." त्यानं माझ्या पोटावर हात ठेवून शपथ घेतली. मीही घेतली.

पुढचे दिवस आठवले की अजून डोकं उठतं. पोट साफ होईना. झोप येईना. भांडी आपटायची मी. सकाळी नालीवरून वास आला की दार लावून, उशीत तोंड खुपसून पडून राहायची. काकी एकदा दार वाजवून गेली, मी उघडलं नाही. नंतर तिनं बोलावणंच सोडलं. बोट मात्र आपोआप तोंडात जायचं, लहान लेकरासारखं. मी ते चावायची.

पण संध्याकाळी तो बोलायचा. पायरीवर बसून, रिकाम्या तोंडानं. साहेब कसा भोपाळहून आलाय आणि कसा रोज परत जायच्या गोष्टी करतो. कपाटं नाहीत म्हणून फायली खुर्च्यांवर कशा ठेवतात. लहानपणी विहिरीत कसा पडला होता. आवाज चांगला होता त्याचा. एवढ्या दिवसांत मी तो धड ऐकलाच नव्हता. तीन महिने आम्ही भांडलो, हसलो, नावं ठरवली आणि मोडली. मला वाटलं, जमलं. हेच हवं होतं मला, बाकी काही नको.

सातवा महिना होता. रविवारची दुपार. मी पलंगावर आडवी, तो पायाशी पेपर वाचत बसलेला. पोटात जोरात लाथ बसली. मी म्हटलं, "पाहा, पाहा." तो सरकत वर आला आणि माझ्या पोटाला कान लावला. म्हणाला, "ढुशा देऊन राहिली पोट्टी."

आणि मला वास आला. ताजा. चुन्याचा आणि ओल्या तंबाखूचा.

मला किळस यायला हवी होती. ओरडायला हवं होतं, ढकलून द्यायला हवं होतं, शपथ काढायला हवी होती. वर्षभर तर त्याच वासानं मळमळलं होतं मला. काही झालं नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं सुटलं की गिळावं लागलं, आणि ते त्याला ऐकू गेलं असणार, कारण तो तसाच, कान न उचलता, पडून राहिला.

मी विचारलं, "आहे का अजून?"

तो उठला. दारामागच्या पँटच्या खिशातून पुडी आणली. चिमूटभर माझ्या तळव्यावर ठेवली. मी गालात धरली. दोघं शेजारी शेजारी बसलो, एकमेकांकडे न बघता, आणि पोट्टी आतून लाथा मारत होती. त्यानंतर आम्हाला एकमेकांची किळस आली नाही. रोज संध्याकाळी तो दोन पुड्या आणायचा.

आठवा संपायच्या आत पोट्टी झाली. दोन किलोलाही थोडी कमी. दहा दिवस काचेच्या पेटीत होती. पाय माझ्या बोटाएवढे. डॉक्टरीणबाई आमच्याकडे बघायच्या, विचारायच्या मात्र नाहीत.

माझी आई आजारी होती, म्हणून बाळंतपणाला सासूबाई वर्ध्याहून आल्या. साधी बाई. पोट्टीला मांडीवर घेतलं आणि रडायलाच लागल्या. "माय व, एवढीशी काहून झाली? काही खाल्लं होतं का वं तू? काही झालं होतं का?"

नवरा दाराशी उभा होता. आमची नजर एकदाच भेटली.

"इथलं पाणी लागलं नाही मले," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. "या तळ्यामुळं सगळं पाणीच बेकार आहे इथलं."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून मोठं पातेलं आणि नवं पांढरं फडकं आणवलं. सव्वा महिना, रोज पहाटे उठून, गुडघे धरत धरत, त्या पाणी उकळायच्या, दोनदा गाळायच्या, निववायच्या आणि पेला माझ्या तोंडाला लावायच्या. थेंबही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. आणि आम्ही दोघंही त्यांना ते करू देत होतो.