शक्यतो

जहाजावर हुकूम नुसता ऐकून चालत नाही, तो परत म्हणून दाखवावा लागतो. कप्तान म्हणाला "डावीकडे दहा अंश", की सुकाण्याने तेच शब्द परत म्हणायचे, मग चाकाला हात लावायचा. कप्तानाचा सुकाणी हे इतकं चोख करी, की सगळे त्याला पोपट म्हणत.

बावीस वर्षांनी कप्तान मंत्रालयात आला. शेजारी देशांबरोबरच्या सागरी सुरक्षेचं धोरण लिहू लागला. सवय काही सुटली नाही.

"अहो, दूध आणा," बायको म्हणे.

"दूध आणतो."

"पोपट बरा होता तुमचा. तो निदान आणायचा तरी!"

गेल्या वर्षी त्याने मसुद्यात लिहिलं: जुन्या गस्ती नौका वादळी महिन्यांत सामुद्रधुनीत पाठवू नयेत. सचिवाने हिरव्या शाईने मधे एक शब्द घातला. शक्यतो.

"कप्तान, संयुक्त गस्त आहे. शेजाऱ्यांपुढे नाक कापून घ्यायचं का? एका शब्दाने काय बिघडतंय?"

कप्तानाने मूग गिळले. सही केली.

वादळाच्या तोंडावर नौका गेलीच. शेजाऱ्यांच्या नौका बंदरात बसून होत्या. आपली बुडाली. नऊ माणसं गेली. चाकावर पोपट होता.

आज चौकशीचा अहवाल सचिवाच्या टेबलावर होता. कप्तानाने उभ्याउभ्याच वाचला. 'शक्यतो' हा शब्द मूळ मसुद्यातलाच. दोष सुकाण्याचा. परतीचा हुकूम त्याने नीट ऐकला नाही.

त्याची कानशिलं तापली. नीट ऐकला नाही? पोपटाने?

"करा सही," सचिव म्हणाला. "पुढच्या महिन्यातल्या परिषदेला तुमचंच नाव दिलंय. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या बायकोला पडतो. मुलींना पडतो. आमचा बाप आठ जणांना घेऊन बुडाला, हे घेऊन जगायचं त्यांनी?"

कप्तानाने पिशवीतून जुना मसुदा काढला. हिरवी शाई अजून ताजी दिसत होती.

"माझं वाक्य म्हणून दाखवा, साहेब. तुमचा शब्द वगळून."

"हे काय नाटक लावलंय?"

"म्हणा!"

आवाज डेकवरचा होता. बाहेरच्या खोलीतली टंकलेखनाची टकटक थांबली. सचिव हिरव्या अक्षरांकडे बघत राहिला.

"आठ शब्दांचं वाक्य. पोपटाने झोपेत म्हटलं असतं."

कप्तानाने अहवाल ओढून घेतला. दोषाच्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं: सुकाण्याने हुकूम नीट ऐकला होता. नौका पाठवण्याचा हुकूमच चुकीचा होता. 'शक्यतो' हा शब्द सचिवांनी घातला. मी पाहिला आणि गप्प बसलो.

मग सही केली. मसुदा अहवालाला टाचला. दोन्ही कागद सचिवाच्या हातात न देता तो स्वतःच ते घेऊन चौकशी समितीच्या खोलीकडे निघाला.