इकोचा रिपोर्ट

हे गेल्याला आज सहावा दिवस. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याशेजारी टेकतात आणि म्हणतात, "त्रास न होता सुटले." मी म्हणते, "सुटले." कुणी म्हणतं, "देवाची मर्जी." मी म्हणते, "मर्जी." रडू काही येत नाही.

समोर कपाटावर यांच्या हृदयाच्या तपासणीचं पाकीट पडलंय. वर मोठ्या अक्षरांत 'इको'. शाळेत मी हा शब्द मुलींना शिकवायचे. इको ही ग्रीक पुराणातली वनदेवी. शापामुळे तिचं स्वतःचं बोलणं गेलं. समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे ती परत म्हणू शकायची. पुढे झुरून देहही गेला, नुसता आवाज राहिला. इंग्रजीत प्रतिध्वनीला तिचंच नाव पडलं. मुली खुदुखुदु हसायच्या.

बायका उठतात. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून मुकाट्याने चपला घालतात. मग मलाही म्हणायला काही उरत नाही.

तपासणीला निघताना हे दारातून म्हणाले होते, "येतो गं." तिथूनच त्यांना परस्पर ॲडमिट केलं, घरी आला तो रिपोर्ट.

त्या 'येतो'वर मी काहीच म्हणाले नव्हते. कुकर लावत होते.