जळक्या भोकाचं टेबल

पंचगंगेवरनं चढलेलं धुकं उन्हं आली तरी गवळी गल्लीतनं हटलं नव्हतं. दिवाळी तोंडावर आलेली. दिवसा अंग भाजायचं आणि पहाटे गोधडी सोडवायची नाही. मल्लव्वानं म्हशीच्या कासेवर कोमट पाणी मारलं, चरवी गुडघ्यांत दाबून धरली आणि धार सुरू केली. तिचा नवरा नागाप्पा पेंडभुशाच्या आंबोणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात उभा होता.

"पाटी हितं ठेवू काय तिकडं?"

मल्लव्वा म्हशीला म्हणाली, "सांग गं त्याला, रोज जिथं ठेवतोय तिथंच ठेव म्हणावं. आज काय नवा जावई आलाय व्हय?"

नागाप्पानं पाटी ठेवली. तीन वर्षं मल्लव्वा नवऱ्याशी थेट बोललेली नव्हती. जे सांगायचं ते म्हशीला. पेंड संपली, पाव्हणा आला, भाकरी झाली, सगळं म्हशीच्या कानात; आणि नागाप्पानं ते ऐकून घ्यायचं. गल्लीतल्या बाया आधी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली.

कारण होतं चांदी. मल्लव्वाचं माहेर कुरुंदवाडचं, घरची गवळीच. लग्नात आईनं तिच्यामागं एक पारडी धाडली, तिची ही लेक. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. मल्लव्वानं नुसतं "चांदेऽऽ" केलं की नदीवरनं गर्दी फोडत यायची.

शहाण्णव साली स्टेशनकडं पूल पार्लर निघालं. हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत गोट्या, काठीनं ढोसून भोकात घालायच्या. दूध घालून रिकामी झालेली गवळ्यांची पोरं आणि बाप्येही तिथं पडून असायचे. त्यातच नागाप्पा, त्यातच पलीकडच्या गल्लीतला शिवशरण. एका पावसाळ्यात शिवशरणकडनं हरत गेलेला नागाप्पा इरेला पेटला आणि म्हणाला, "माझी चांदी लावतो." त्याची नव्हतीच ती. पण लावली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवशरणची माणसं आली तेव्हा मल्लव्वा तिची धार काढत होती. चांदी खुंट्यावरनं हलेना. शेवटी नागाप्पाच दावं धरून पुढं चालला, तेव्हा ती निघाली. मागं तिचं रेडकू दिवसभर हंबरत राहिलं. त्या दिवसापासनं मल्लव्वाचं नवऱ्याशी तोंड बंद.

शिवशरण तेवढ्यावर थांबला नाही. पाडव्याला गवळी म्हशी सजवून मिरवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात. शिवशरण चांदीला नटवून मुद्दाम मल्लव्वाच्या दारापुढं आणायचा आणि पुढचा पाय उचलून सलाम करायला लावायचा. दरसाल. मल्लव्वा हाताची घडी घालून उंबऱ्यात उभी असायची. घरात गेली असती तर शिवशरणचं जरा तरी निभावलं असतं. पण ती जायची नाही, बघायची, आणि साठवून ठेवायची.

यंदा श्रावणात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, दहा माणसं धारोष्ण दुधाचे ग्लास घेऊन उभी असताना, तिनं शिवशरणला गाठलं.

"माझी म्हस परत दे, न्हायतर आमच्यासंगं पुन्यांदा खेळ."

"खेळू की मल्लव्वाक्का! पण पार्लर बंद पडलं. आता काय तुमच्या परातीत खेळायचं?" कट्टा हसला. त्याला अजून चढली. "ज्या टेबलावर गेली, तेच टेबल आणून घरात मांडा. नागाप्पा जिंकला तर म्हस देतो. वर तुमच्याकडं जेवूनबी जातो."

"ऐकलासा न्हवं सगळ्यांनी?" मल्लव्वा कट्ट्याकडं वळून म्हणाली आणि चालू लागली.

टेबलाच्या पैशासाठी हातातल्या पाटल्या सोनाराकडं गेल्या. सोबतीला तिनं बाबालालला घेतलं. रिक्षांची हुडं आणि कुशनं शिवणारा हा माणूस. पार्लरच्या टेबलांची कापडंही त्यानंच रफू केलेली. नागाप्पा मागनं हात बांधून चालला होता. बंद पार्लरच्या गोडाऊनमध्ये तीन टेबलं धूळ खात पडलेली. राखणदार चकचकीत टेबलावर थाप मारून म्हणाला, "हे न्या मावशी, कापड कोरं हाय."

"बाबालाल, इचार त्याला, माझी म्हस कशावर गेली?"

नागाप्पानं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. चहाचा डाग पडलेलं, मधे जळकं भोक. "ते भोक माझ्याच बिडीचं," तो पुटपुटला. "हरलो तवा पडली हातातनं."

मल्लव्वानं एक गोटी मधोमध ठेवली. ती जरा थांबली आणि हळूच डाव्या कोपऱ्याकडं निघाली. परत ठेवली, परत तिकडंच.

"जमीन तिरकी असंल," बाबालाल म्हणाला. चौघांनी घाम गाळून टेबल उलट्या तोंडानं फिरवलं. गोटी गेली टेबलाच्या त्याच कोपऱ्यात.

मग नागाप्पाच सावकाश बोलला. "शिवशरण दुसऱ्या टेबलाला हात लावायचा न्हाय. रिकामं असलं तरी ह्याच्यासाठी थांबून ऱ्हायचा."

मल्लव्वा त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. "गोठ्याची फरशी मूत वाहून जावं म्हणून तिरकी करत्यात. ही कुणाच्या कामाला आली, ते आता कळलं. हेच टेबल पायजे."

टेम्पोतनं ते घरी आलं आणि सोप्यात बसलं. बाबालालनं कापड सोडवलं, खालच्या दगडी फरशा उचलल्या. खालची एक तुळई वाळवीनं पोखरलेली. बोट घातलं तर भुसा गळला. त्यानं सागाची नवी घातली, गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं चारी कोपरे समान केले, फरशांच्या सांध्यात मेण भरलं. गोटी आता ठेवाल तिथं बसून राहायला लागली.

"आता वर मस्त हिरवं कापड घालू, आक्का."

"जुनंच घाल."

"आतनं सगळं नवं केलं आन् वरनं फाटकं?"

"डाग तसाच, भोक तसंच, जिथल्या तिथं. त्याला त्याचंच टेबल दिसाय पायजे."

 बाबालालनं स्वतःच्याच कानाला हात लावला. "तौबा आक्का, तुझ्याशी वैर नको."

रोज दुपारी नागाप्पा सरळ टेबलावर हात बसवायला लागला. त्याचाही हात वाकड्याला सोकावलेला. गोटी कोपऱ्यातल्या भोकाला वळसा घालून जायची. चांदीचं ते रेडकू आता धारेची म्हैस झालं होतं. मल्लव्वानं तिला सोप्याच्या खिडकीशी बांधली होती.

"सांग गं त्याला, चुकला. परत मार म्हणावं."

नागाप्पा परत मारायचा.

आणि आज संध्याकाळी खेळ होता. पाडवा चार दिवसांवर.

शिवशरण सेंट मारून आला, मागं निम्मा दूधकट्टा. टेबल बघून त्याचा चेहरा खुलला. जळक्या भोकावरनं त्यानं बोट फिरवलं. "व्वा! जुना सोबती." काठी घेतली आणि नेहमीच्या सवयीनं नेम उजवीकडं ठेवला, बाकीचं काम टेबल करील म्हणून.

टेबलानं केलं नाही. गोटी सरळ गेली आणि कडेला आपटून परत आली.

दुसरी तशीच. तिसरी तशीच. नागाप्पाचा खेळ काही भारी नव्हता. पण तो सरळ मारत होता आणि सरळ जात होतं. शिवशरण वाकून टेबलाखाली बघायला लागला, मान पुसायला लागला. ओरडावं तर काय म्हणून? मल्लव्वा उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी, पाडव्याला उभी राहायची तशीच.

नागाप्पानं शेवटची काळी गोटी भोकात घालून डाव जिंकला आणि शिवशरणचा तोल सुटला. काठी आपटून ओरडला, "फसवणूक हाय ही! टेबल सरळ केलंया ह्यांनी!"

 बाबालालनं अगदी गरीब तोंड करून विचारलं, "मग आदी वाकडं हुतं व्हय, पावणं?"

असं हसणं गल्लीनं पूर्वी ऐकलं नव्हतं. एकजण तर हसता हसता टेबलावरच आडवा झाला.

"जेवून जातो म्हणालतास न्हवं?" मल्लव्वा म्हणाली. "आदी म्हस आण. माणसं धाडायची न्हाईत. तू स्वता, दावं धरून."

आणावी लागली. गल्लीच्या तोंडाशी चांदी दिसली तसं मल्लव्वानं "चांदेऽऽ" केलं. दाव्याला असा हिसका बसला, की शिवशरण धोतर सावरत मागनं फरफटत आला. भाकरी त्याला कुणी विचारली नाही.

पाडव्याला मल्लव्वानं चांदीची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली आणि थेट शिवशरणच्या दारात नेली. सलाम करायला लावला. दार उघडेपर्यंत परत परत लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेच धुकं. मल्लव्वा चांदीखाली बसली. नागाप्पा दारात घुटमळला. जिंकून दिली होती त्यानंच. आता तरी "अवो" म्हणेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

"त्या टेबलाचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

मल्लव्वानं कासेवर पाणी मारलं.

"चांदे, सांग त्याला. पेंडीची पोती वलीला पडल्यात, ती टेबलावर रच म्हणावं. आन् चरवी हिकडं दे म्हणावं."

नागाप्पानं चरवी दिली. चांदीची पहिली धार रिकाम्या पितळेवर वाजली.