काळी माती, दुसरा मजला

३१ मे, रविवार. आजचं काम: गच्चीवरचा निळा ड्रम रिकामा करणे. उद्या सकाळी नऊला वॉटरप्रूफिंगवाले येणार आहेत, त्याआधी गच्ची मोकळी हवी.

सातला सुरुवात केली. दहा वाजले तरी पाव ड्रमही झाला नव्हता. मे महिन्यात काळी माती कशी होते हे मला माहीत असायला हवं होतं. खुरपं आत शिरेना, स्क्रू ड्रायव्हर वाकला. शेवटी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि ढेकळं फोडत बसले. कंबर धरली, हात भरून आले. ही माती अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी, दादांनी, गावाहून आणली. पुढच्याच वर्षी ते गेले. माती काढणं भाग आहे आणि आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती गावी एकटी असते आणि दर फोनला विचारते, "दादांच्या मातीत आता काय लावलंयस?"

आमचं गाव बार्शीच्या बाजूला. लग्न उन्हाळ्यात झालं, आषाढ माहेरी काढला आणि श्रावण लागल्यावर नवरा न्यायला आला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. वस्तीपासून डांबरी रस्ता दहा मिनिटांवर, पण वाट काळ्या रानातून. ओली काळी माती चपलेला धरते, प्रत्येक पावलाला नवा थर. निम्म्या वाटेवर माझ्या चपला विटेएवढ्या जाड झाल्या. एसटी लांबून दिसली तसं दादांनी मला बांधावरच्या दगडावर बसवलं, बाभळीची काटकी मोडली आणि दोन्ही चपलांचे तळ खरवडून काढले. "गाडीत घाण करू नको," एवढंच म्हणाले. रडारड झाली नाही, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

आधी आम्ही डोंबिवलीत राहायचो, तिथून पहिला फोन केला तेव्हा त्यांनी घर केवढं आहे ते विचारलं नाही. विचारलं, "तिकडची माती कसली हाय?" मी म्हटलं, इथे माती नाही, लाद्या आहेत. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं.

ज्यांनी आमची माती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळं रान सपाट, लांबवर एखादं कडुनिंबाचं झाड. पाऊस बेताचा, तोही मनात असेल तेव्हा. पण पडलेलं पाणी ही माती धरून ठेवते. पाऊस संपल्यावर ज्वारी पेरायची आणि तिने थंडीभर नुसत्या ओलीवर वाढायचं. पाण्याने माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरची भुगा झालेली माती त्या भेगांत पडते, म्हणून ही माती स्वतःच स्वतःला नांगरते असं दादा सांगायचे. अशा हलत्या जमिनीवर भिंत टिकत नाही. त्यामुळे आमच्याकडे काळी पेरायला आणि पांढरी राहायला. गाव वसतं ते पांढऱ्या मातीवर. काळीत घर बांधणाऱ्याला लोक वेडा म्हणतात.

इथलं उलट. ठाकुर्लीत आमची इमारत उंचवट्यावर आहे, खाली तांबूस मुरूम आणि मग कातळ. चार महिने पाऊस कोसळतो आणि मुरमातून निघून जातो. खाडीच्या अंगाला मात्र करडा चिखल, त्यात पाय घातला तर चप्पल परत मिळत नाही. हे सगळं मला चांगलं कळतं. ठाण्याला नौपाड्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी कित्येक वर्षं माती परीक्षणाचे रिपोर्ट टाइप करते आहे. "फुगणारी चिकणमाती, बांधकामास अयोग्य" हे वाक्य मी डोळे मिटून टाइप करू शकते. आणि तीच माती मी घराच्या डोक्यावर ठेवली.

दादा खताच्या दोन रिकाम्या गोण्यांत माती भरून घेऊन कल्याणला उतरले होते. हमालाने गोणी उचलून परत खाली ठेवली. "बाबा, दगड भरलेत काय?"

"दगड कशाला? तुमच्याकडं कमी हाईत व्हय? रान हाय ह्यात."

आमच्या फ्लॅटला लागून छोटी उघडी गच्ची आहे. एमआयडीसीतून येणारा जुना ड्रम अर्धा कापून आणला होता, त्यात दादांनी स्वतः माती भरली आणि तुळस लावली. "कसदार हाय, काय बी घाल," म्हणाले. तुळस श्रावणात कुजली. पुढच्या वर्षीचीही कुजली. लिंबू पिवळं पडलं, मोगरा मेला. आमच्याकडचा वर्षभराचा पाऊस इथे काही दिवसांत पडतो आणि ड्रममधल्या मातीला तो सोडता येत नाही. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून ड्रमच्या कडेपासून सुटायची. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. ते कुठे जातं याचा मी विचार केला नाही.

ते सावंतकाकूंच्या बेडरूममध्ये जात होतं. काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मूळच्या कणकवलीकडच्या. मातीत काही जगत नाही म्हणून त्यांनीच मला अळूचा कांदा दिला होता. तो असा माजला की सगळ्या मजल्याला फदफदं पुरलं. देशावरची माती आणि कोकणातला अळू, दोघांना पाण्यात उभं राहायला आवडतं. आईला मी तुळस छान आहे असं सांगत राहिले.

काकूंचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत. पलंग हलवायला दुसरी जागा नाही. गेल्या पावसाळ्यात काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगो, आमच्या ह्यांच्या उशीवर तुझ्या दादांच्या रानाचं पाणी ठिबकतंय. एवढं पाणी तुमच्या गावात असतं तर तू इथे आली असतीस काय?" मी हसले. म्हटलं, दिवाळीनंतर बघू. सप्टेंबरात त्यांच्या छताचा गिलावा पडला, पलंगापासून हातभर अंतरावर. सोसायटीत तक्रार न करता काकू त्यातला तुकडा ताटलीत घालून वर घेऊन आल्या. "घे. नैवेद्य."

तरीही दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी भावनेत अडकणारी बाई नाही. दादांचे कपडे मी तेराव्यानंतर दोन दिवसांत वाटून टाकले होते. पण ड्रम हलवायचं म्हटलं की काही ना काही काम निघायचं. आता पाऊस दारात आहे.

दुपारी जेवून फोन लावला. म्हटलं, "आई, दादांची माती काढतेय. खाली गळतंय, काकांच्या अंगावर."

ती म्हणाली, "समदी काढतीस?"

"सगळी."

"मग काढ की. माणूस भिजवून माती राखत्यात व्हय? काळी घरावर ठेवतंय का कुणी! आन तुळशीचं मला नको सांगत जाऊ. तिकडच्या पावसात ती जगती व्हय? मला कळत न्हाई?"

तीच पुढे म्हणाली, "आता काढतीसच तर सांगती. ती आपल्या रानातली न्हवं."

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात रान कसं असतंय, इसरलीस? ह्यांनी दोनदा कुदळ मारली, ढेकूळ हलंना. कंबर धरली. तवा तळ्यातला गाळ काढायचं चाललं हुतं. मऊ हुता. भरल्या दोन गोण्या. मला म्हणले, तिला सांगू नको, ती तिकडं समद्यास्नी आमच्या रानातली म्हणून सांगंल."

सांगितलंच होतं. हमालापासून काकूंपर्यंत सगळ्यांना. चिमूटभर माती डबीत घालून देव्हाऱ्यातही ठेवली आहे. आधी राग आला, अकरा वर्षांचा. मग उरलेली ढेकळं फोडता फोडता तो ओसरला. गाळ म्हणजे तरी काय? प्रत्येक पावसात वरच्या रानांतून सुटून उताराला लागलेली माती. आमच्या रानातली, शेजारच्या रानातली, भावकीत ज्यांच्याशी बांधावरून भांडणं त्यांच्याही रानातली. ती तळ्यात जाऊन बसते, माणसं ती उपसून दुसऱ्याच रानात पसरतात आणि तिथे ज्वारी येते. खाडीतला चिखलही असाच, नदीने कुठून कुठून आणलेला. त्यात पाइलचे खांब खोलवर ठोकून लोक बारा-बारा मजले राहतात.

गाव सोडून ठाकुर्लीत, दिव्यात, बदलापुरात आलेल्या आणि कुंडीत गावची माती जपणाऱ्या माझ्यासारख्यांना, आणि तिकडून गोण्या भरून देणाऱ्या मंडळींना म्हणून हे लिहिते आहे. आपण राहतो ती जागा आपली झाली का, हे मी कुंडीत शोधत होते. ते खालच्या छताला विचारायला हवं होतं. आपण सांडलेल्या पाण्याचा जाब विचारायला कुणी ताटली घेऊन वर येतं, तिथे आपण पाहुणे नसतो.

सोमवारी सकाळी सहाला उठले. नवऱ्याने आणि मी आठ बादल्या माती खाली नेली. इमारतीमागे कंपाउंडला लागून काकूंनी मुरमात अळू लावला आहे. तिथे दोन घमेली वाळू, दोन घमेली लाल माती आणि एक घमेलं काळी, असं कालवत गेले. "जास्त नको घालू गो," काकू खिडकीतून ओरडल्या, "नायतर भिंत पण फुगायची!" देव्हाऱ्यातली डबीही त्यातच रिकामी केली. वर पाणी मारलं आणि ड्रममधले अळूचे कांदे लावून टाकले. नऊला कामगार आले. गच्चीवर ड्रमच्या जागी काळपट गोल डाग होता, त्यांनी तो तारेच्या ब्रशने घासायला घेतला.

ओल्या काळ्या मातीने माझ्या चपला जड झाल्या होत्या. जिन्यात घाण नको म्हणून खालच्या पायरीवर बसले, काटकी शोधली आणि दोन्ही तळ खरवडून काढले. मग वर जाऊन हात धुतले आणि ऑफिसला निघाले.