शेरगाझीची मोहरी

आमच्या कारा-बाल्ता गावात जुन्या व्होल्गा गाड्या तीन, आणि त्या तिन्ही जिवंत ठेवणारा मिस्त्री एकच, शेरगाझी. हाताचा खरा माणूस. रेडिएटरला त्यानं दिलेला डाख बघून सोनारानंही मान डोलवावी. खोड एकच. मैदानात घोडेस्वार कोक-बोरू खेळायला, म्हणजे बोकडाच्या धडासाठी झोंबायला उतरले, की याच्या हातातली पकड गळून पडायची.

त्या जूनमध्ये नेमक्या सामन्याच्या दिवशी बुरुलकान आपांची व्होल्गा पाणी गाळत दारात आली. आपा म्हणजे आम्हा दोघांच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. रेडिएटर उतरवून डाख द्यायचा तर दिवस गेला. शेरगाझीनं माझ्याकडे पाहिलं. मी घरातून मोहरीची पूड आणली. पूड पाण्यात फुगते आणि भोकात जाऊन बसते. कशीबशी घरी पोचण्यापुरता उपाय. दोन मुठी आत टाकून तो म्हणाला, "डाख दिलाय, आपा," आणि आम्ही मैदानाकडे पळालो.

आठवड्यानं आपा जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन हजर.

"थेंब गळत नाही रे! आता हीच गाडी घेऊन तलासला भावाकडे जाते, त्याच्या बेगायिमच्या लग्नाला. आईविना वाढवली मी तिला. दुपारी पोरगी सासरी निघेल, तेव्हा दुवा मीच द्यायचा, असं तिनं बजावलंय."

"आपा, जरा तो रेडिएटर..." शेरगाझीनं सुरुवात केली.

"काय झालं त्याला?"

"काही नाही. मीही येतो म्हटलं. सोबतीला."

"बघा, किती माया!" आपांनी त्याचा गाल कुरवाळला. बिचारा असा कळवळला, जणू कुणी डागणी दिली. मोहरी माझ्या घरची, म्हणून मीही गेलो. मागच्या सीटवर, लग्नात द्यायच्या गाद्यांच्या आणि रजयांच्या ढिगाखाली.

तो-आशू घाटाच्या चढावर तापमानाचा काटा तांबड्यात गेला. "हीटर सोड, इंजिनातली गरमी बाहेर येईल," गाडी हाकणाऱ्या आपा शेरगाझीला म्हणाल्या. सोडला. थंडगार वारा आला. हीटरच्या बारीक नळ्यांत मोहरी गच्च बसली होती. मग रेडिएटरही तुंबला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उठला.

शेरगाझीनं ओढ्याचं पाणी ओतून सगळं धुऊन काढलं. बाहेर पडलेल्या पिवळ्या रबड्यावर त्यानं घाईनं बूट ठेवला.

"गंज आहे, आपा. गाडी जुनी."

"माझीच चूक. फार दामटली मी तिला."

  मोहरी निघाली तसं भोक मोकळं झालं. दर दहा-बारा किलोमीटरवर थांबायचं, ओढ्यावरून बादली आणायची, पाणी भरायचं. प्रत्येक वेळी आपा घड्याळ बघायच्या आणि वर त्यालाच म्हणायच्या, "दमलास का रे?"

पोचलो तेव्हा चार वाजले होते. बेगायिम दोनलाच गेली होती. म्हणे दारात उभी राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत होती.

आपांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना सांगितलं, "हा शेरगाझी नसता तर मी घाटातच राहिले असते." झालं! मानाचं म्हणून मेंढ्याचं उकडलेलं डोकं त्याच्यापुढे आलं. हातात सुरी आली. मान मिळालेल्यानं पहिला तुकडा कापून मोठ्या माणसाला द्यायचा. सुरी काही चालेना.

"आपा," तो एकदम म्हणाला, "मी डाख दिलाच नव्हता. मोहरी टाकली होती. सामना चुकेल म्हणून."

"मोहरी माझी," मी पुटपुटलो.

 मग कोपऱ्यातल्या ओसमोनकुल आजोबांनी विचारलं, "किती टाकलीस?"

"दोन मुठी."

"गाढवा, एक चमचा टाकतात!"

"मोहरी कशाला? अंडं फोडायचं आत," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं तंबाखू सुचवली. घटकाभरात घर हसू लागलं. घरानं शेरगाझीला माफ करून टाकलं होतं.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. शेरगाझीनं कानाजवळचा मऊ तुकडा कापून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही. रुमालात नीट बांधला.

"बेगायिमला पाठवीन," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं काही तरी पोचू दे तिला." मग शेरगाझीकडे न बघता म्हणाल्या, "तू खा. निवतंय."

आणि शेरगाझी खाली मान घालून खात राहिला.