माळेनं मोजलेली शेपटी

राघोत्तममामांना डेंटर म्हटलेलं मुळीच खपत नाही. "अगे सावनी, डेंट काढतो तो डेंटर. मी पत्रा घडवतो." बरं बाबा, घडवा! चौऱ्याहत्तर वर्षांचा हा तंजावरी मराठी माणूस चेन्नईच्या समुद्रकाठी, एन्नोरच्या शेडमध्ये अजून हातोडी चालवतो. मी पुण्याची. ओरगडमच्या कारखान्यात गाड्यांचे सांगाडे तपासते आणि रविवारी मामांकडे वाद घालायला जाते.

यंदाचा वाद उपेंद्र नावाच्या गृहस्थांच्या गाडीवरून. नव्वद वर्षांची गाडी, पुढून गोल, मागे निमुळती, पाण्याच्या थेंबासारखी. इंजिनही मागेच. तेव्हाच्या गाड्या पेटाऱ्यासारख्या चौकोनी, म्हणून लोक हिला हसले म्हणे. वाऱ्याला वाट करून द्यायची अक्कल आम्हाला केवढ्या उशिरा आली! पण खाऱ्या हवेनं तिच्या शेपटीची डावी बाजू खाऊन टाकली होती. मामांना ती हातानं घडवायची होती. त्यांना आता नीट दिसत नाही हे उपेंद्रना कळलं, तेव्हा त्यांनी फायबरची शेपटी सांगून ठेवली. म्हणाले, "आयुधपूजेपर्यंत दोन्ही बाजू जुळल्या तर तुमची. नाहीतर फायबरची बसवू." हे शेवटचं काम, असं मामांनीच ठरवलेलं. तेच हातचं गेलं असतं तर माणूस खचला असता.

मी म्हटलं, मोजायचं यंत्र आणते. तर म्हणे, "ते तुझ्या कारखान्यात ठेव." मामांची रीत एकच: डोळे मिटायचे, अलमेलूमामींच्या रेशमी लुगड्याचा तुकडा डाव्या तळव्याखाली धरायचा, म्हणजे हात सरकताना बारीकसा उंचवटाही कळतो, आणि गाडीची शाबूत उजवी बाजू चाचपायची. मग डावीवर चार ठोके. पुन्हा चाचपायचं. उजवा हात हातोडीनं निबर झालाय, त्याला काही कळत नाही म्हणे. तीन महिने हेच! मामी रोज कुरकुरायच्या, "माझं लग्नाचं लुगडं ग्रीसात घातलं." माझं तर डोकंच फिरायचं.

पूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, उपेंद्र सकाळीच हजर. मामांनी गाडीच्या नाकाला चंदन-कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मामी ओरडल्या, "अय्यो! तिथे नुसती सामानाची जागा. इंजिन मागे आहे ना?" तीन महिने त्याच इंजिनाभोवती ठोकत बसलेला माणूस, आणि जन्माच्या सवयीनं पुढेच पूजा! आम्ही पोट धरधरून हसलो. मामासुद्धा.

मामींनी माळ काढून मागे नेली. शेपटीच्या मधल्या कण्यावर टोक धरून माळ उजव्या बाजूनं खाली सोडली, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, फुलं मोजली. काठापर्यंत एकवीस. मग डावीकडून सोडली. एकवीस! जरा पुढे सरकून पाहिलं, मागे सरकून पाहिलं. दोन्हीकडे फुलाला फूल जुळत होतं.

मामा हसायचे थांबले होते. माझं इंजिनिअर डोकं म्हणालं, फुलांवर काय विसंबायचं? म्हणून मी तो रेशमी तुकडा घेतला, डोळे मिटले आणि दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. नवी कुठली ते मला सांगता येईना. खरं सांगते, रडू आलं. उपेंद्रनीही हात फिरवला, आणि तिथूनच फोन करून फायबरची शेपटी नको म्हणून कळवलं.

मामा स्टुलावर बसले. तेलकट तुकडा मामींपुढे धरून म्हणाले, "घे, धू आता. संपलं."

मामींनी त्याची घडी घालून ती हातोडीशेजारी ठेवली. "धुऊ कशाला? पुढच्या गाडीला लागेल की."