डॅनियलमामांचा शब्बाथ

चार ख्रिस्ती घरं जमली की आधी प्रार्थना, मग चहा आणि चहाबरोबर डॅनियलमामांचे किस्से! इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

मामा मूळचे नगरकडचे. साठच्या दशकात तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम निघालं, तिथे ते फोरमन. दर रविवारची आमची उपासना बोईसरला त्यांच्याच खोलीत व्हायची. सगळे हजर, यजमान साइटवर! रूथमामींचं मागणं एवढंच, ‘एकदा तरी माझ्याशेजारी बसून अख्खी प्रार्थना करा.’

* * *

पालघरच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा मामांना म्हणाले, “अहो, देवानंसुद्धा सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला!”

मामा हात जोडून म्हणाले, “साहेब, देवाचं बरं होतं. त्याच्याकडे काँक्रीट नव्हतं! एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही.”

पाळकसाहेबसुद्धा हसले. मामी मात्र उठून चहा टाकायला गेल्या.

* * *

सातपाटीची एक मावशी मासे घेऊन दारात यायची. एका रविवारी मामी तिला म्हणाल्या, “आज नको. आमचा शब्बाथ आहे.”

“ह्यो शब्बाथ काय हाय, बाय?”

“देवासाठी काम बंद ठेवायचं.”

“मंग तुमचा माणूस कुठं हाय?”

“कामावर.”

मावशीनं टोपली उचलली. “हां, समजला! नवऱ्यासाठी बायकोनं धरायचा उपास!”

आम्ही पोट धरून हसलो. मामीही हसल्या, मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “तसंच गं, तसंच.”

* * *

एका रविवारी मामांना खरंच सुट्टी मिळाली! इस्त्रीचा शर्ट घालून मामीशेजारी बसले आणि पहिल्याच गीताला भिंतीला टेकून घोरायला लागले. कुणीतरी त्यांना हलवायला गेलं, तशी मामींनी हात धरला.

“गाणं थांबवा. बऱ्याच दिवसांनी शब्बाथ पाळतायत ते.”

मग आम्ही सगळी उपासना कुजबुजत केली. त्या दिवशी मामी किती खूश होत्या! एवढ्यावरच खूश राहायची सवय झाली होती बिचारीला.

* * *

पुढे मामी आजारी पडल्या. शेवटच्या रविवारी अंथरुणावरूनच म्हणाल्या, “आज तुम्ही प्रार्थना करा.”

मामांनी त्यांचा हात हातात घेतला आणि अडखळत सुरुवात केली. दोन-चार वाक्यं झाली असतील, तोच दारात जीप थांबली. ड्रायव्हर ओरडला, “साहब, पंप बंद पड गया! खड्डे में पानी भर रहा है!”

मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आमेन!” आणि ते उभे राहिले.

मामी म्हणाल्या, “जा तुम्ही. उरलेली मी म्हणते.”

मामा संध्याकाळी परतले तेव्हा मामी गेल्या होत्या. खोली माणसांनी भरली होती, पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले होते. मामांनी हात करून त्यांना थांबवलं. मामींच्या उशाशी मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले,

“हं रूथ, सांग. कुठवर आली होतीस?”